आतून घेतलेलं माप

टाकीचं माप आतून घ्यायला मापकाकांना पाऊण तास लागत असे. त्यातलं एक मिनिट कागदाला जाई आणि उरलेली चव्वेचाळीस झोपेला.

ही गोष्ट कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हती. कारखाना पाण्याच्या टाक्या बनवायचा. पोलादी, गोल, उभ्या. पत्रा यंत्रात घालून वाकवायचा, टोकाला टोक जोडायचं, खाली तळ, वर छत. छताला माणूस उतरेल एवढं भोक, भोकाभोवती फूटभर उंचीची मान आणि मानेवर झाकण. आता अशा टाकीत किती पाणी मावेल हे काढायला आत उतरावं लागतं का? शाळेत जागं राहिलेल्या कुणालाही माहीत असतं, की त्रिज्येला त्रिज्येनं गुणायचं, आलेल्या उत्तराला तीन पूर्णांक चौदा शतांशनं, आणि मग उंचीनं. संपला विषय. बाहेरून फीत गुंडाळली, पत्र्याची जाडी वजा केली, की उभ्याउभ्या उत्तर. पण बावीस वर्षांपूर्वी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी मालकांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "बाहेरून घेतलेलं माप म्हणजे कोट बघून पोट ओळखणं. आत उतरल्याशिवाय खरं कळत नाही." मालकांना हे वाक्य इतकं आवडलं की ते त्यांनी स्वतःच्या नावानं फळ्यावर लिहून लावलं.

पहिली दोन वर्षं काकांनी इमानेइतबारे आत उतरून माप घेतलं. दर वेळी उत्तर नकाशातल्या आकड्याशी तंतोतंत जुळलं, कारण पत्रा वाकवणारे कारागीर काकांपेक्षा प्रामाणिक होते. मग एका दुपारी, डबा खाऊन आत उतरल्यावर, काकांनी जरा पाठ टेकली. तळ गार होता. अंधार होता. बाहेरचा खडखडाट पत्र्यातून गाळून येताना अंगाईसारखा लागत होता. घरी दोन खोल्यांत सात माणसं. काकांचं अंथरूण जिन्याखाली, आणि शेजारी मेहुणा, जो चार दिवसांसाठी आला त्याला अकरा वर्षं झाली होती आणि जो लाकूड कापल्यासारखा घोरायचा. काकांना जन्मात स्वतःची म्हणावी अशी एकच खोली मिळाली. गोल, बिनखिडकीची, आणि दर आठवड्याला नवी.

अडचण एकच होती. घोरणं ही मेहुण्याची मक्तेदारी नव्हती. पोलादी टाकीत माणूस कुशीवर वळला तरी बाहेर ढोल वाजतो. म्हणून काकांनी सगळ्यांना एकदा एकत्र बोलावून समजावलं होतं, की नवी टाकी जोडकामानंतर गार होते तेव्हा पत्रा आपापल्या जागी बसतो, आणि बसताना आवाज करतो. कधी ठोकल्यासारखा, कधी घासल्यासारखा, कधी अगदी माणूस कण्हल्यासारखा. "याला पत्र्याचा निःश्वास म्हणतात," काका म्हणाले होते. "दचकायचं नाही. आणि डोकावायचं तर मुळीच नाही." ज्ञानी माणसानं शांतपणे सांगितलेल्या थापेला मरण नसतं. कारखान्यात नवा आलेला प्रत्येकजण आधी निःश्वास शिकायचा आणि नंतर काम.

दुसरी खबरदारी म्हणजे सही. झोपेतून उठल्यावर माणसाचं अक्षर बिघडतं, म्हणून काका कागद आधीच भरून टाकीला चिकटवत: 'आतून माप घेतले. अचूक.' खाली सही. मग आत उतरत, सोबत पुठ्ठा घेत, आणि बाहेर राहिल्या तर संशय नको म्हणून चपलासुद्धा घेत. फोन तेवढा कपाटात ठेवत. झोपेच्या वेळी फोन वाजलेला त्यांना खपत नसे.

त्या दिवशी त्यांना जाग आली ती उजव्या कानात गार काहीतरी शिरल्यानं.

काका उठून बसले. पुठ्ठा त्यांच्याखालून हळूच तरंगत निघून गेला. वर पाहिलं तर जिथं नेहमी आभाळाचा गोल तुकडा असायचा तिथं काहीच नव्हतं. झाकण बसलं होतं. झाकणाला हवा जाण्यासाठी बोटभर जाडीची वाकडी नळी होती, तिच्यातून सुईएवढा उजेड येत होता. आणि तळाशी, भिंतीतल्या भोकातून, पाणी धो धो आत येत होतं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीत त्याची भर पडली असेल तर फार नसेल.

काय झालं असावं हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. पाणी भरून टाकीची चाचणी उद्या व्हायची होती. पण गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या तपासनीस बाई प्रसिद्धच होत्या, सांगतील त्याच्या आदल्या दिवशी यायच्या. त्या आल्या असणार. फोरमननं धावपळ करत टाकीवरचा कागद पाहिला असणार. 'माप घेतले. अचूक.' म्हणजे काका काम उरकून गेले. आणि झाकण लावताना नियमाप्रमाणे त्यानं "आत कोणी आहे का?" अशी हाकही मारली असणार. तिला उत्तर म्हणून आतून एक लांब, घोगरा, समाधानी निःश्वास आला असणार.

"अरे, मी आहे आत!" काका ओरडले. आवाज चार वेळा भिंतीवरून फिरून त्यांच्याच डोक्यात आदळला. त्यांनी चप्पल काढून पत्र्यावर हाणायला सुरुवात केली. धाड, धाड, धाड. मग पत्र्याला कान लावला.

बाहेर पत्रा वाकवायचं यंत्र सुरू होतं. ते सुरू असताना सगळ्यांनी कानांना जाड टोप्या लावायच्या आणि बोलायचं तर बोंबलून बोलायचं, अशी रीत होती. त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं आणि बाहेरच्यांना आतलं काही नाही.

"हे ठोकतंय कोण?" एक बाईमाणूस ओरडून विचारत होतं. टाकीला हात लावून उभ्या असाव्यात. त्यांना ते हाताला जाणवलं होतं.

"कुणी नाही, मॅडम!" हा फोरमन. "पत्रा बसतोय! निःश्वास म्हणतात त्याला!"

"कोण म्हणतं?"

"आमचे मापकाका! फार अभ्यासू माणूस! आज असते तर भेट घालून दिली असती!"

काकांनी दुसरी चप्पलही काढली. दोन्ही हातांनी ठोकलं. बाहेरून फोरमनचा अभिमानानं भरलेला आवाज आला, "बघा, आज जरा जोरातच बसतोय!"

पाणी पोटऱ्यांच्या वर आलं होतं. काकांना पोहता येत नव्हतं. आतल्या भिंतीला लोखंडी पायऱ्या होत्या, तळापासून मानेपर्यंत, प्रत्येक तीस सेंटिमीटरवर एक. काका त्यांवर चढले, मानेत डोकं घालून झाकणाला खांदा लावला. झाकणाला बारा बोल्ट होते आणि फोरमन बोल्ट कसताना कुणाचं ऐकत नसे. नळीत तोंड घालून त्यांनी हाका मारल्या. नळीचं दुसरं टोक खाली वाकलेलं होतं आणि त्याला जाळी होती. किडा आत जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीतून माणसाचा शब्दही बाहेर जात नाही, हे काकांना त्या दिवशी कळलं.

घाबरलेल्या माणसाला हातातली विद्या आठवते. शिंप्यानं बुडताना कापड मोजलं असतं. काकांनी मनगटावरचं घड्याळ उजेडाच्या सुईखाली धरलं आणि पाणी एक पायरी चढायला किती वेळ घेतं ते पाहिलं. साडेनऊ मिनिटं.

टाकीची त्रिज्या एक मीटर होती. एकाचा वर्ग एक. गुणाकाराला इतकी सोपी टाकी जन्मात एखादीच मिळते, आणि काकांना ती आतून मिळाली होती. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एकतीस लिटर आणि वर थोडं. एक पायरी म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. तेवढं साडेनऊ मिनिटांत, म्हणजे पंप मिनिटाला शंभर लिटर टाकत होता. उंची तीन मीटर वीस. सगळी टाकी दहा हजार पन्नास लिटर, म्हणजे शंभर मिनिटं. तिसरी पायरी आत्ताच बुडाली होती, त्यात अठ्ठावीस मिनिटं गेलेली. राहिली बहात्तर.

वीस वर्षांत काकांनी टाकीच्या आत केलेलं हे पहिलं गणित. उत्तर अचूक होतं आणि त्याचा त्यांना काडीचाही आनंद झाला नाही.

वरच्या मानेत हवा राहील का? त्यांनी तेही मांडून पाहिलं. मानेची त्रिज्या पाव मीटर, उंची तीस सेंटिमीटर. जेमतेम साठ लिटर. पंपाची पस्तीस सेकंदं. चाचणीत झाकणाच्या नळीतून पाणी बाहेर येईपर्यंत भरायचं, आणि मग चोवीस तास तसंच ठेवायचं. हा नियमही काकांनीच मालकांना सुचवला होता. त्यांनी बारा तास म्हटलं होतं, तर काकांनीच वाढवून घेतलं होतं.

पाणी चौथ्या पायरीवर आलं, पाचव्या, सहाव्या. काका वर सरकत राहिले. सातव्या पायरीवर पाय, गुडघे दुमडलेले, डोकं मानेत. ओरडून घसा बसला. त्यांना घर आठवलं. मेहुण्याचं घोरणंसुद्धा आठवलं, आणि ते आता तितकं वाईट वाटलं नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला कुठंही झोप लागते, एवढंच काय ते तुमच्यात आहे." संध्याकाळी ती वाट पाहील. मग म्हणेल, असतील कुठं तरी माप घेत. तिलाही त्यांनी तेच सांगून ठेवलं होतं. आपण कुठं आहोत हे जगात एकालाही कळू नये अशी व्यवस्था काकांनी वर्षानुवर्षं, एकेक वीट रचून, स्वतःच केली होती.

आणि अचानक पंप थांबला.

सुटलो, असं वाटून काकांचे डोळे भरून आले. त्यांनी पत्र्याला कान लावला.

"दोन मीटरची खूण!" बाई ओरडत होत्या. टाकीच्या बाहेर उभी काचेची नळी असते, आत पाणी किती चढलं ते तिच्यात दिसतं. बाई तिच्यापाशी होत्या. "पंपाचा मीटर वाचा!"

"सहा हजार दोनशे त्र्याऐंशी!"

"माझंही तेच येतं! लिटरला लिटर जुळलं!"

"जुळणारच! आतून घेतलेलं माप आहे!"

"ठीक! घनफळ मंजूर! आता एकदम वरपर्यंत भरा! मी सही करून निघते, उद्या येऊन बघेन!"

"पंपवाला पाणी प्यायला गेलाय, बोलावतो!"

काका सुन्न होऊन बसले. जुळलं होतं. न घेतलेलं माप लिटरला लिटर जुळलं होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांनी मिशीवरून हात फिरवला असता. आज त्यांना त्या कारागिरांचा मनस्वी राग आला. मेल्यांनी एकदा तरी कुठं चूक करायची! टाकी थोडी कमी भरली असती, थोडी जास्त, तर बाईंनी झाकण उघडायला लावलं असतं. ती बाई लिटरभर फरक सोडणारी नव्हती. पण फरक येणार कुठून? टाकीत दोन मीटर पाणी, आणि बाकी काही नाही...

काकांनी खाली काळ्या पाण्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे.

ते पाण्याच्या वर होते, कोरडे, सुरक्षित, म्हणून हिशेब जुळला होता. बावीस वर्षं त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं आणि ते चुकल्याशिवाय आता त्यांची सुटका नव्हती. आणि चुकवायचं तर एकच सामान हाताशी होतं.

पाण्याला काका जन्मभर भीत आले होते. अंघोळसुद्धा तांब्यातांब्यानं, डोळे उघडे ठेवून. त्यांनी वरची पायरी घट्ट धरली आणि एक पाय खाली सोडला. मग दुसरा. कंबर. छाती. पाणी बर्फासारखं होतं, श्वास आत अडकला. हनुवटी बुडेपर्यंत ते उतरले आणि डोळे गच्च मिटून, पायरीला मिठी मारून लटकत राहिले.

"अहो, थांबा!" बाहेरून बाई. "हे चढलं कसं? पंप बंद आहे ना?"

"बंदच आहे!"

"अडीच सेंटिमीटर चढलंय!"

"काचेत बुडबुडा आला असेल, मॅडम!"

काका वर चढले. पायरी, पायरी, पायरी. अंगातून पाणी निथळत होतं, दात वाजत होते.

"आता उतरलं! पुन्हा दोन मीटर!"

"मग? बुडबुडा गेला!"

काका पुन्हा उतरले. हनुवटीपर्यंत. मनात दहा मोजले. पुन्हा वर. पुन्हा खाली. शाळेत बैठका काढायची शिक्षा झाली होती तेव्हाही त्यांनी इतक्या निष्ठेनं बैठका काढल्या नव्हत्या. हाताला पायरीची धार लागून कातडं सोललं होतं. एकदा पकड सुटली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि खोकत, गटांगळ्या खात त्यांनी कशीबशी पुन्हा पायरी पकडली.

"चढलं. उतरलं. चढलं. दर वेळी अडीच," बाईंचा आवाज आता ओरडल्यासारखा नव्हता, जवळून येत होता. यंत्र बंद करायला लावलं असावं. "फोरमनसाहेब, हाही निःश्वासच का?"

"असेल, मॅडम. मोठी टाकी आहे, दमली असेल."

"एक सेंटिमीटरला एकतीस पूर्णांक चार. अडीचला किती?"

"मॅडम, मी जोडकामातला माणूस..."

"साडेअठ्ठ्याहत्तर लिटर. सांगा बघू, टाकीत अठ्ठ्याहत्तर लिटरचं काय असतं, जे कधी पाण्यात जातं आणि कधी बाहेर येतं?"

फोरमननं विचार केलेला ऐकू आला.

"बेडूक म्हणावा तर मोठा आहे," तो म्हणाला.

"तुमचे मापकाका अंगानं कसे आहेत हो?"

"काका? मध्यम उंची, पोट जरा..." आणि मग फोरमनच्या तोंडून जो शब्द निघाला तो बाईमाणसासमोर काढायचा नव्हता. छतावर धावत्या पायांचा आवाज झाला. यंत्र थांबलेलं होतं, त्यामुळे आता काकांची आतली क्षीण हाकही ऐकू गेली असती. पण काकांच्या तोंडून हाक फुटेना. ते पायरीला मिठी मारून नुसते थरथरत होते आणि बाराच्या बारा बोल्ट एकेक करून सुटताना मोजत होते.

झाकण सरकलं. एवढा उजेड त्यांना सोसेना.

"काका!" फोरमन मानेत अर्धा वाकला होता. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. "काका, तुम्ही आत काय करताय?"

त्यांना वर ओढायला तिघं लागले. खाली आणून कुणाचा तरी कोट पांघरून एका खोक्यावर बसवलं. कारखाना भोवती गोळा झाला. बाई समोर उभ्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, हातात कागद. त्यांनी काकांना आपादमस्तक पाहिलं. मापानंच पाहिलं असावं.

"पाणी भरत असताना आतून माप!" फोरमन भोवतालच्या लोकांना सांगत होता, आवाजात हुंदका आणि अभिमान दोन्ही. "पाहिलंत? असं काम! शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत माणूस हटला नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वर पाहिलं. झाकण पुन्हा बसतंय असं त्यांना वाटलं. या टाळ्या आत्ता गिळल्या की आयुष्यभर गिळाव्या लागणार. बोल्ट कसायला फोरमन तयारच होता.

"मी झोपलो होतो," काका म्हणाले.

"काय?"

"झोपलो होतो. माप घेतलंच नाही."

फोरमन समजूतदारपणे हसला. "काका दमलेत. डोक्यात पाणी गेलंय. कागदावर सही आहे ना तुमची, 'आतून माप घेतले' म्हणून!"

"ती आधीच करतो. अक्षर बिघडतं म्हणून."

बाईंनी टाकीवर चिकटवलेला कागद सोलून काढला, त्याची घडी केली आणि काकांच्या हातात दिली. त्या ओरडल्या नाहीत, हे काकांना फार लागलं.

"मग माझ्याकडे टाकीचं माप नाही," त्या म्हणाल्या. "माप नसलेली टाकी मी नेत नाही. कोण घेणार?"

काका उठले. त्यांनी भिंतीवरची फीत काढली, एक टोक फोरमनच्या हातात दिलं. "हे धर. त्या बाजूनं फिर, मी या बाजूनं."

फोरमन टोक धरून निघाला. दोघं टाकीच्या दोन बाजूंनी गेले आणि मागं, कुणाला दिसत नव्हतं अशा ठिकाणी, समोरासमोर आले. फितीची टोकं जुळली. काकांनी आकडा वाचला, घेर तीन पूर्णांक चौदानं भागला, पत्र्याची जाडी दोन्हीकडची वजा केली. हलक्या आवाजात म्हणाले, "व्यास दोन मीटर. बरोबर आहे."

फोरमननं फितीकडे पाहिलं. "झालं?"

"झालं."

"एवढंच असतं?"

"एवढंच."

"बावीस वर्षं, काका?"

"बावीस नाही. वीस. पहिली दोन खरं घेतलं."

फोरमननं टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला. काकांनी मान खाली घातली. आता जे येईल ते सोसायचं, असं ठरवून ते उभे राहिले.

"आत गार असतं का हो?" फोरमननं विचारलं.

"असतं."

"आणि एवढी दहा हजार लिटरची जागा," फोरमनचा आवाज दुखावलेला होता, "आणि तुम्ही एकटे झोपत होतात?"